इंद्रायणीचा रिझोटो, सहा पाहुणे, दोन शेगड्या: आतापर्यंतची नोंद

मेन्यू ठरलेला आहे: आधी लाल भोपळ्याचं सूप, मग अळिंबीचा रिझोटो (दाट, सरबरीत इटालियन भात), शेवटी पानाकोटा (दूध-क्रीम जमवून केलेला गोड पदार्थ). सूप सकाळीच होतं, पानाकोटा आदल्या रात्री लावायचा. अडतं ते रिझोटोपाशी. पाहुणे दिवाणखान्यात आणि यजमान वीस मिनिटं गॅससमोर, हे टाळायचं तर रेस्टॉरंटच्या किचनमध्ये करतात तेच करावं लागतं. तांदूळ अर्ध्यावर थांबवायचा, थंड करायचा आणि उरलेलं काम पान वाढायच्या वेळी पाच मिनिटांत संपवायचं. आर्बोरिओ किंवा कार्नारोली या इटालियन तांदळांसाठी ही पद्धत जगभर रुळलेली आहे. आपला प्रयत्न ती आपल्याकडच्या इंद्रायणी तांदळावर बसवण्याचा आहे, आणि ती आता बसली आहे.

इंद्रायणीच का? ही जात आंबेमोहोराच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली. ती चिकट आहे, सुवासिक आहे आणि पुण्यात कुठल्याही वाण्याकडे मिळते. रिझोटोला लागणारी दाट, दुधाळ ग्रेव्ही तांदळाच्या स्टार्चमधून येते, आणि तो स्टार्च इंद्रायणी भरपूर सोडते. उणीव एकच, पण मोठी. आर्बोरिओच्या दाण्याच्या मध्यभागी पांढरा टणक गाभा असतो, तो शिजायला वेळ घेतो, म्हणून चूक सावरायला अवधी मिळतो. इंद्रायणीला तसा गाभा नाही. दाताला किंचित लागणारा दाणा आणि पूर्ण मऊ दाणा यांच्यात जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात. ती हुकली की रिझोटोचा गुरगुट्या भात होतो आणि मग त्यावर उपाय नाही.

म्हणून तांदूळ जुना घ्यायचा, किमान वर्षभराचा. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर फुटतो. दुकानदाराला ‘जुनी इंद्रायणी, कणी नको’ असं स्पष्ट सांगावं, कारण कणी आधी विरघळते आणि तळाला लागते. तांदूळ धुवायचा नाही. फारच पावडर असेल तर कोरड्या फडक्यात चोळून चाळून घ्यावा. धुवावाच लागला तर अर्धा तास कापडावर पसरून पूर्ण वाळवावा. ओला दाणा बटरमध्ये परतला जात नाही, नुसता वाफतो.

सहा जणांचं प्रमाण (रिझोटो मुख्य पदार्थ नाही, मधलं पान आहे असं धरून): तांदूळ ४२० ग्रॅम, भाज्यांचा स्टॉक सव्वा लिटर, बारीक चिरलेला कांदा १०० ग्रॅम, परतायला ३० ग्रॅम बटर आणि एक चमचा तेल, कोरडी व्हाइट वाइन १२० मिली. शेवटी घालायला थंड बिनमिठाचं बटर ६० ग्रॅम आणि किसलेलं चीज ८० ग्रॅम. अळिंबी ४०० ग्रॅम, त्यात निम्मी बटन, निम्मी धिंगरी. सुकी पोर्चिनी (इटालियन अळिंबी) मिळाली तर १५ ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून. ते पाणी मलमलमधून गाळून स्टॉकमध्ये घालायचं, तळाशी बसलेली रेती मात्र टाकून द्यायची.

स्टॉकमध्ये मीठ घालायचं नाही. तो आटतो, वर चीज खारट, आणि शेवटी पदार्थ हमखास खारट होतो. सेलरी आणि लीक मंडईत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये इंग्लिश भाज्या विकणाऱ्यांकडे बघावी. नसेल तर कांदा, गाजर, अळिंबीचे देठ, मिरी आणि तमालपत्र पुरेसं आहे. उकळी मंद, चाळीस मिनिटं. कोबी आणि फ्लॉवर यात नकोच, उग्र वास बसतो.

पहिला टप्पा दुपारी. २८ ते ३० सेंटीमीटरचं जाड बुडाचं पसरट भांडं घ्यावं. कांदा रंग न येऊ देता आठ मिनिटं मऊ करायचा. तांदूळ घालून मध्यम आचेवर तीन मिनिटं परतायचा, दाणे गरम लागले पाहिजेत आणि कडा पारदर्शक दिसल्या पाहिजेत. वाइन घालून पूर्ण आटवायची, ओली राहिली तर आंबट कच्चट चव शेवटपर्यंत टिकते. मग उकळता स्टॉक तीन हप्त्यांत, एकूण ८०० मिली. पहिला हप्ता पडल्यापासून घड्याळ लावायचं आणि आठव्या मिनिटाला भांडं उतरवायचं. आर्बोरिओला इथे अकरा-बारा मिनिटं देतात. इंद्रायणीला तेवढी दिली की खेळ संपला. दाणा चावून बघावा, मध्ये खडूसारखा कच्चा ठिपका स्पष्ट लागला पाहिजे.

लगेच सगळा तांदूळ स्टीलच्या मोठ्या ट्रेमध्ये एक सेंटीमीटर जाडीत पसरायचा. ट्रे आधी फ्रीजमध्ये थंड केलेला असावा. भांड्यातच ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतो. पंख्याखाली गार झाला की झाकून फ्रीजमध्ये, तासाभराच्या आत. शिजलेला भात बाहेर पडून राहिला की त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम करून जात नाही. त्याच रात्री संपवायचा.

अळिंबी वेगळ्या तव्यावर, तवा धूर यायच्या बेताला तापवून. एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त घातली की पाणी सुटतं आणि ती उकडली जाते. पहिली दोन मिनिटं हलवायची नाही. मीठ उतरवताना.

दुसरा टप्पा पाहुणे सूप संपवत असताना. ३०० मिली उकळता स्टॉक भांड्यात, त्यात फ्रीजमधला तांदूळ, आच मोठी. गठ्ठे हलक्या हाताने मोडायचे. साधारण चार मिनिटांत दाणा तयार होतो. तिसऱ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला चाखायचा. गॅस बंद. एक मिनिट अजिबात हात लावायचा नाही. मग बटरचे थंड तुकडे आणि चीज घालून भांडं जोरात हलवत लाकडी चमच्याने घोटायचं. हे आचेवर केलं तर चीजच्या तारा होतात आणि तूप वेगळं तरंगतं. बटर थंडच हवं, ते हळूहळू विरघळताना स्टार्चच्या पाण्यात मिसळून सॉस बांधतं. घरचं ताजं लोणी चालतं, पण ताक पूर्ण निघेपर्यंत गार पाण्याने धुतलेलं. प्रोसेस्ड चीजचे क्यूब चालत नाहीत, चिकट खळ होते.

चीज निवडताना आधी पाहुणे कोण ते पाहावं. अस्सल पार्मिजानो रेजानोमध्ये वासराचं रेनेट (दूध फाडून घट्ट करणारं, वासराच्या जठरातलं विकर) वापरणं नियमानेच बंधनकारक आहे, म्हणजे ते शाकाहारी नाही. शाकाहारी मंडळींसाठी हिरव्या ठिपक्याचं, मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून केलेल्या) रेनेटवालं पार्मेझानसारखं चीज घ्यावं. वाइन नको असेल तर ती वगळून शेवटी दोन चमचे लिंबाचा रस घालावा, आंबटपणाशिवाय एवढं बटर जड वाटतं.

वाढायची ताटली गरमच हवी. कढत पाण्यात बुडवून पुसली तरी पुरे. चमचाभर रिझोटो मध्ये ठेवून ताटलीच्या बुडाला तळहाताने थाप मारावी, तो सावकाश कडेकडे सरकला पाहिजे. ढीग तसाच राहिला तर दोन चमचे गरम स्टॉक. कडेला पाणी सुटलं तर घोटणं कमी पडलंय.

पानाकोटाचं थोडक्यात. जिलेटिन टाळायचं म्हणून अगार पावडर (समुद्री शेवाळापासून केलेली, जमवण्यासाठी), ६०० मिलीला दीड ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून. २०० मिली दूध, ६० ग्रॅम साखर आणि अगार एकत्र करून दोन मिनिटं खळखळून उकळायचं. टेट्रापॅकमधलं २५ टक्क्यांचं क्रीम, ४०० मिली, वेगळं कोमट करून मिसळायचं. क्रीम फ्रीजमधून थेट घातलं तर अगार तिथल्या तिथे जमतं आणि जिभेला कण लागतात. वर हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात पुरंदरचे अंजीर.

अजून सुटलेलं नाही ते केशराच्या मिलानी रिझोटोचं. इंद्रायणीचा स्वतःचा वास केशरावर चढतो. तिथे सध्या कार्नारोलीच बरी. आठपेक्षा जास्त पानं असतील तर दोन भांडी लागतात, कारण तांदळाचा थर चार सेंटीमीटरच्या वर गेला की तळ वरच्याच्या आधी शिजतो. दोन्ही भांडी एकाच मिनिटाला उतरवायला दुसरा माणूस हवा, आणि त्यालाही दाणा चाखून ओळखता आला पाहिजे.