पंचनाम्यानंतर पडलेली भिंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी सुटलं, वर पाऊस थांबेना, आणि दूधगंगा दारात आली. कर्नाटकातल्या निपाणी-सदलगा पट्ट्यातली आमच्यासारखी कितीतरी घरं तेव्हा शाळांत जाऊन राहिली. म्हशी उंचावरच्या मळ्यात बांधल्या होत्या. सासूबाई त्यांच्याजवळून हलल्या नाहीत.

पाणी उतरलं तेव्हा घर उभं होतं. तिथंच घात झाला. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड. अशी भिंत पाण्यात तग धरते, पण आतून भिजून फुगलेली असते. ऊन लागलं की तडकते, मग कलते. पंचनाम्याची माणसं तिसऱ्याच दिवशी आली आणि घराला ‘सी’ वर्ग लिहून गेली. त्या पुरात सी म्हणजे थोडी पडझड, त्याला पन्नास हजार होते. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर पडझड असली की ‘ए’, त्याला पाच लाख होते. नवव्या रात्री माजघराची भिंत आढ्यासकट खाली आली. आम्ही पडवीत होतो म्हणून वाचलो.

सकाळी दीर खोरं घेऊन माती ओढू लागले. शेजारचे आण्णा ओरडले, “हात लावू नका, आधी फोटो काढा!” त्या फोटोंनीच आमचं घर उभं केलं. पडझड झालेल्या कुणालाही मी आज हेच सांगते.

फेरपाहणीचा अर्ज कन्नडमध्ये. बाजारापुरतं कन्नड मला बोलता येतं, लिहिता येत नाही. पुतणी कन्नड शाळेत शिकलेली, तिनं लिहिला. तो कचेरीत सापडेना, दुसरा द्यावा लागला. या खेपेला झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतली. मग कळलं, घर अजून सासऱ्यांच्याच नावावर, वारसांच्या सह्या हव्यात. दोघी नणंदा कागलहून आल्या, सह्या केल्या आणि येण्याजाण्याचं भाडंसुद्धा घेतलं नाही. येताना टेम्पोत हिरवा मका घालून आणला होता. आमचा ऊस कुजला, कडबा वाहून गेला. त्या मक्यावर म्हशी जगल्या आणि दूध संस्थेच्या बिलावर आम्ही. सरकारचे सुरुवातीचे दहा हजार भांडीकुंडी आणि अंथरुणातच संपले होते.

शेवटी ‘ए’ मिळाला. पैसे हप्त्यांनी, पहिला एक लाख. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो. गवंडी दोन फूट जोतं पुरे म्हणत होता, सासूबाईंनी चार फूट करायला लावलं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. तिसऱ्या पायरीवर थांबलं. सासूबाई रात्रभर बॅटरी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या.