पिकअप डायरी, भाग ५ : स्लोवरची मिसिंग आणि दोन नंबरचा सिलिंडर

आमच्या पिकअपला पिकअप भरपूर आहे, रडगाणं आहे ते स्लोवरचं, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं हळू चालतं तेव्हाचं. मागच्या भागात हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात वॉल्व्ह असतात) बसवून गाडी सुरू केली तेव्हा मी जरा जास्तच छाती फुगवली होती. दोन महिन्यांत ती खाली बसली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : २००३ ची सिंगल केबिन गाडी, चार सिलिंडरचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल, डिझेल पुरवणारा रोटरी पंप, पुशरॉडवर (खालून वर ढकलणाऱ्या दांड्यांवर) चालणारे वॉल्व्ह. सेन्सर नाहीत, कोड नाहीत, स्कॅनर लावायला जागाच नाही. कान, नाक आणि पाने एवढ्यावरच काम.

सकाळी स्टार्टर लांबवर मारावा लागायचा. सुरू झाली की अर्धा मिनिट मिस मारायची (मधला एखादा ठोका हुकायचा), मागे डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, आणि मग शहाण्यासारखी चालायची. पण साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर गाडी उभी केली की परत मिसिंग सुरू. हजार आरपीएमच्या वर रेस दिली की गायब. मी या दोन्हीला एकच दुखणं समजून बसलो, आणि तिथेच माझे तीन रविवार गेले.

आधी फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर टेकतं ते) बघितले. थरथर आणि मिसिंग यांत पुष्कळ जण गल्लत करतात. फाउंडेशनचं रबर गेलं तर केबिन हलते, पण सायलेन्सरचा ठेका चुकत नाही. माझ्याकडे सायलेन्सरपाशी हात धरला की मधला एक ठोका हुकलेला सरळ जाणवत होता. म्हणजे एक सिलिंडर काम करत नव्हता.

मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, त्यामुळे तिथे फट असली तर डिझेल गळतंच असं नाही, हवा मात्र आत शिरते. म्हणून ‘कुठेच ओलं नाही’ यावर विसंबू नका. फिल्टर ते पंप या टप्प्यात पारदर्शक पाइप लावला आणि सकाळी स्टार्टर मारला. बुडबुड्यांची रांगच! फिल्टरच्या बॅन्जो बोल्टचे (डिझेल ज्याच्या आतून जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर मी हेडच्या वेळी जुनेच परत लावले होते. नवे घातले, हँड प्रायमरने एअर काढली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या स्टार्टरवर गाडी सुरू, धूर नाही. मी पेढे आणायच्या बेतात होतो. संध्याकाळी घाट चढलो, वर परत टप-टप-टप आणि एक ठोका गुल.

आता सिलिंडर शोधायचा. इंजिन गरम, स्लोवरवर चालू, १७ चा पाना घेऊन सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलवरचा पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन बसतं, म्हणजे त्याचा वेग पडतो. एक, तीन, चारला बसलं. दोनला काहीच फरक नाही. (चष्मा घाला, नटावर जाड फडकं धरा, हात लांब ठेवा. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते, मग इस्पितळाशिवाय गत्यंतर नाही. आणि कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या गाडीवर हा प्रयोग चुकूनही करू नका, तिथला दाब फारच मोठा असतो.)

दोन आणि तीनची नोझलं आलटून पालटून लावली, खालचे वायसर नवे. दोष नोझलबरोबर तीनवर गेला असता तर काम सोपं होतं. तो दोनवरच राहिला. म्हणजे नोझल निर्दोष. एवढं कळूनही मी चारही नोझलं टेस्टरवर तपासून आणली. मनाची शांती, दुसरं काय. चारही ठणठणीत निघाली.

उरलं काय, तर त्या सिलिंडरला डिझेल सोडणारा पंपाचा डिलिव्हरी वॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबल्यावर येणारा दाब. रविवारी सकाळी कॉम्प्रेशन घेतलं : २७, २५, २७, २६ बार. यात खोट काढायची कुठे? झालं, पंप उतरवायचं ठरवलं आणि आमच्या मेस्त्रींना फोन केला. ते पाच सेकंद गप्प, मग म्हणाले, “अहो, ताप संध्याकाळी येतोय आणि तुम्ही थर्मामीटर सकाळी लावताय व्हय?”

घाट चढून आलो आणि चटके खात परत मोजलं. २८, १९, २७, २७.

गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पडतं म्हटल्यावर संशय जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्व्हवर. तो तापला की लांबतो. टॅपेटला (वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) गॅप नसेल तर तो सीटवर पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. रेसमध्ये निसटायला वेळ कमी मिळतो म्हणून तिथे कळत नाही, स्लोवरला मात्र हवा पुरेशी तापतच नाही आणि डिझेल पेटत नाही.

रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं, सकाळी टॅपेट कव्हर काढलं. पुशरॉडच्या चार सिलिंडरवाल्याची बेरीज पाच लक्षात ठेवा : तीनचे वॉल्व्ह रॉकिंगला आले (एक मिटत असतो, दुसरा उघडत असतो) की दोनचे तपासायचे, चारचे आले की एकचे. दोनच्या एक्झॉस्टला ०.०५ मिमीची मापाची पातीसुद्धा आत जाईना. माझ्या इंजिनाला तिथे ०.३० मिमी लागतं. बाकीचे सगळेही थोडे थोडे घट्टच.

आता कबुली. हेडनंतर ५०० किलोमीटरला मी बोल्ट परत टॉर्क केले (ठरल्या जोराने आवळले), पण टॅपेट नाही बघितले. हेडखालचं गॅस्केट दबलं की हेड खाली येतं, पुशरॉडची लांबी तेवढीच राहते, म्हणून गॅप कमी होतो. त्यात वॉल्व्ह नुकतेच ग्राइंड केलेले, ते सीटमध्ये आणखी बसतात. शिवाय दोनचा टॅपेट मी वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात बसवला होता, तो मुळातच घट्ट राहिला असणार.

आठही टॅपेट नीट बसवले. गरम इंजिनावर दोनला आता २६ बार. यवतेश्वरला वर दहा मिनिटं स्लोवरवर उभी ठेवली, बॉनेटवर पाण्याची बाटली ठेवून. हलली, पण पडली नाही.

महिनाभर अर्धवट टेकलेला वॉल्व्ह किती भाजलाय ते हेड न उघडता कळणार नाही, आणि हेड मी इतक्यात उघडत नाही. एअर फिल्टरच्या डब्यावर मार्करने १,८४,३१० लिहून ठेवलंय. हजार किलोमीटर झाले की परत कॉम्प्रेशन, आणि या वेळी गरम इंजिनावर.