आमची वाटचाल : फोनच्या नावापासून मॉडेल क्रमांकापर्यंत

साताऱ्यात एसटी स्थानकाजवळ २००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने रिचार्ज व दुरुस्तीचे दुकान सुरू केले, तेव्हा फोनचे नाव कळले म्हणजे फोन कळला, अशी आमची समजूत होती. नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठवलेले फोन घेऊन गिऱ्हाइके येत. भारतातील २जी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर, तर तिकडचे ८५० आणि १९०० वर चाले. पण तोवर हे चारही बँड, म्हणजे वारंवारितेचे पट्टे, घेणारे फोन सर्रास मिळू लागले असल्याने या फरकाशी आमची कधी गाठ पडली नाही.

ती पडली २०१७ मध्ये. जावळी तालुक्यातील एका शिक्षिकाबाईंना आम्ही वापरलेला आयफोन ६ विकला. दुकानात ४जी उत्तम मिळाले, मात्र चारच दिवसांत बाई परत आल्या. गावी शेजारणीला त्याच कंपनीच्या सिमवर ४जी मिळते आणि आपला फोन ३जीवरच अडकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही नेटवर्क सेटिंग रीसेट केले, सिम बदलून घेतले, अँटेनाची शंका आली म्हणून भावाने फोन उघडूनही पाहिला. अखेर फोन पालथा करून मागची बारीक अक्षरे भिंगाखाली धरली, तेव्हा तिथे ए१५४९ असे दिसले. भारतात विकला जाणारा आयफोन ६ हा ए१५८६. दोन्ही दिसायला हुबेहूब, परंतु अमेरिकेसाठी बनलेल्या ए१५४९ मध्ये बँड ४०, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ, नाहीच. भाऊ दुसरा फोन घेऊन गावी गेला आणि सर्व्हिस स्क्रीनवर, म्हणजे नेटवर्कची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या पडद्यावर, त्याने बँड पाहिला : तिथे ४जी केवळ बँड ४० वर होते, तर दुकानात ते बँड ३ वर, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झवर मिळाले होते. बाईंचे पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. चूक विकणाऱ्याची होती आणि तिचा हेलपाटा त्यांना पडला, याचे आजही वाईट वाटते.

त्या आठवड्यात दुकानात एक वही आली. प्रत्येक वापरलेल्या फोनचा मॉडेल क्रमांक, *#०६# दाबून मिळणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक, आणि फोनला चालणारे बँड तिच्यात लिहिल्याशिवाय फोन काचेच्या कपाटात जात नाही. फोन कोणत्या गावी वापरणार, हेही आम्ही विचारू लागलो. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर, तर २३०० ची अवघी १३; कमी वारंवारितेची लहर दूरवर पोचते आणि भिंतीतून अधिक चांगली आत शिरते, म्हणून डोंगराकडच्या गिऱ्हाइकाला बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, असलेला फोन देण्याकडे आमचा कल असतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झाले आणि वहीत नवे रकाने वाढले. आधी विकल्या गेलेल्या काही फोनवर ‘५जी’ असे ठळक छापलेले असले, तरी भारतापुरता त्यांत एन७८, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, एवढाच ५जी बँड होता. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ नव्हता. शिवाय जिओचे ५जी स्टँडअलोन पद्धतीचे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारे, तर एअरटेलची सुरुवात ४जीचा आधार घेणाऱ्या नॉन-स्टँडअलोनने झालेली, त्यामुळे फोनला कोणती पद्धत चालते हेही पाहावे लागते. आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलमध्ये सिमचा ट्रे नाही, तेव्हा तिकडून फोन मागवणाऱ्यांना ई-सिमबद्दल, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच बसवलेल्या सिमबद्दल, आम्ही आधीच सांगतो.

वहीचे सध्या सहावे पुस्तक चालू आहे. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या ओळीत ए१५४९ आहे आणि त्यापुढे भावाच्या अक्षरात ‘बँड ४० नाही’ असे लाल शाईने लिहिलेले आहे.