साखरेच्या नळीपासून क्रूडच्या नळीपर्यंत : आमची वाटचाल

अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. गाळप संपलं, ऊसतोड मजूर गावी परतले की अप्पांचं खरं काम सुरू व्हायचं. हंगामभर रस आटवणाऱ्या बॉड्यांच्या नळ्यांत आतून चुन्याचा दगडासारखा थर बसलेला असे. तो घासून काढायचा, गळक्या नळ्या ठोकून बाहेर काढायच्या, नव्या घालायच्या आणि त्यांची टोकं रोलरने फुगवून ट्यूबप्लेटमध्ये, म्हणजे नळ्यांची टोकं धरणाऱ्या भोकांच्या जाड प्लेटमध्ये, घट्ट बसवायची. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. रोलर फिरताना आवाज बदलला की थांबायचं, एवढंच त्यांनी मला शिकवलं होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच शिकवणीवर आमचं घर चाललं.

1996 साली अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही स्वतःचं काम सुरू केलं. एक जुना लेथ, एक रेडियल ड्रिल, दोन वेल्डर. गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातले साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या. अडचण एकच होती. हे काम पावसाळ्याच्या आगेमागे चार-पाच महिने, बाकीचं वर्ष शेड रिकामी. नळ्यांचं काम बारा महिने कुठे असतं, याचा शोध घेत मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला खेपा घालू लागलो. तेल शुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल कारखान्यांची शटडाऊनची, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची, कामं करणाऱ्या ठेकेदारांकडे आधी मजुरीवर माणसं पुरवली, मग लहान कूलरचे बंडल, म्हणजे एकत्र बांधलेले नळ्यांचे जुडगे, सोलापूरला दुरुस्तीला येऊ लागले.

तिथे एका ज्येष्ठ इंजिनिअर साहेबांनी गॅस्केटच्या खोक्यावर खडूने आकृती काढून मला जे समजावलं, ते मी आजही नव्या मुलांना तसंच सांगतो. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, भट्टीत जाण्याआधी एका पाठोपाठ एक अशा हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे एका द्रवाची उष्णता नळीच्या भिंतीतून दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रांतून, जातं. टॉवरमधून बाहेर पडणारं गरम डिझेल, गरम गाळ आपली उष्णता त्याला देतात. अशी फुकटची उष्णता घेत क्रूड साधारण 250 अंशांच्या पुढे पोहोचतं आणि भट्टीने त्याला 350-370 अंशांपर्यंत नेलं की टॉवरमध्ये त्याचे भाग वेगळे होतात. नळ्यांत थर बसला की क्रूड भट्टीशी थंड पोहोचतं आणि तेवढं जादा इंधन भट्टीत जाळावं लागतं. भट्टीची ताकद संपली की मग उत्पादनच कमी करावं लागतं. अप्पांच्या बॉडीतही हेच व्हायचं, तिथे वाफ जादा लागायची. साखर असो की क्रूड, थर बसलेली नळी पैसे जाळते, हे मला त्या दिवशी कळलं.

इथवर आलो ते हाताच्या कसबावर. पण कसब पुरेसं नसतं हे 2007 च्या मे महिन्यात कळलं, आणि ती चूक पूर्णपणे आमची होती. एका पेट्रोकेमिकल कारखान्याचा 304 स्टेनलेसचा बंडल आम्ही नव्याने नळ्या घालून तयार केला. डिझाइन प्रेशरच्या 1.3 पट दाबाने हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, केली, एक थेंब गळला नाही. पाणी शेडमागच्या बोअरचं होतं. सोलापूरच्या बोअरचं पाणी किती खारट असतं हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा, डाळ शिजत नाही त्यात. टेस्ट झाल्यावर पाणी सोडून दिलं, पण बंडल सपाट ठेवला होता, नळ्यांच्या तळाशी थोडं पाणी राहिलं. गाडी यायला सात आठवडे लागले. 43 अंशांच्या उन्हात ते पाणी आटत गेलं आणि त्यातलं क्लोराइड जागच्या जागी घट्ट होत गेलं. कारखान्यात तपासणीत नळ्यांच्या खालच्या बाजूला गंजाचे ठिपके दिसले, आणि प्रत्येक ठिपक्याखाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. स्टेनलेसला गंज धरत नाही या समजुतीवर आम्ही इतकी वर्षं काम केलं होतं.

सगळ्या नळ्या स्वखर्चाने बदलून दिल्या. त्या वर्षी दिवाळीचा बोनस अर्धाच देता आला, हे मला आजही लागतं. त्यानंतर स्टेनलेससाठी क्लोराइड 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भाग) खाली असलेलंच पाणी वापरायचं, हा नियम झाला. आरओचं यंत्र आणि साठवणीची टाकी ही आमची पहिली मोठी खरेदी, नव्या लेथच्याही आधी. टेस्ट झाली की बंडल तिरका करून पाणी काढतो, गरम हवेने सुकवतो, तोंडं बंद करतो. कामगार याला ‘अंघोळ घालून पुसून घेणं’ म्हणतात.

नळी फुगवण्याचंही तसंच. आवाजावर भागत होतं तिथे आता हिशेब आहे. 19.05 मिमीची नळी, भिंत 2.11, म्हणजे आतला व्यास 14.83. ट्यूबप्लेटचं भोक 19.30 असेल तर मोकळी जागा 0.25. भिंत सहा टक्के पातळ करायची तर व्यासात आणखी 0.25, म्हणजे फुगवल्यावर आतला व्यास 15.33 यायला हवा. कमी आला तर गळेल. फार वाढला तर दोन भोकांमधली पट्टी ताणली जाऊन शेजारची नळी सैल होईल. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ठरवून आपोआप थांबणारं यंत्र घेतलं तेव्हा अप्पा थकले होते, तरी शेडमध्ये येऊन त्यांनी पहिल्या दहा नळ्या आतून स्वतः मोजल्या. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

आमच्या बऱ्याच कारागिरांची घरं पूर्व भागातली, विणकरांची. यंत्रमाग थंडावले तसे ते आमच्याकडे आले. सहाशे नळ्या एकामागून एक बॅफलच्या, म्हणजे नळ्यांना मध्ये आधार देणाऱ्या पत्र्यांच्या, भोकांतून सरळ ओवायच्या म्हणजे फणीतून ताणा ओवण्यासारखंच. एक धागा अडला तर कुठे अडला हे त्यांच्या बोटांना आधी कळतं.

2011 साली चिंचोळीत स्वतःची जागा झाली. दोन वर्षांनी एक बंडल आमच्याकडे दुसऱ्यांदा आला. आधीच्या खेपेला आम्हीच नळ्या बदलल्या होत्या, काम चोख होतं, तरी त्या पुन्हा फुटल्या. कारखान्याच्या मॅडमनी विचारलं, “तुम्ही बदलता ते ठीक, पण फुटल्या का?” उत्तर नव्हतं. मग काढलेल्या नळ्या क्रमांक घालून अंगणात जशा बंडलमध्ये होत्या तशा मांडल्या. फुटलेल्या सगळ्या आत येणाऱ्या प्रवाहाच्या तोंडाशी होत्या आणि बॅफलला टेकतात तिथेच झिजल्या होत्या. दोन आधारांमधलं अंतर जास्त, बॅफलची भोकं झिजून मोठी झालेली, त्यामुळे वेगाने येणाऱ्या प्रवाहात नळी थरथरत होती. आधार इतक्या अंतरावर असले तर नळीभोवती 0.4 मिमीहून जास्त मोकळी जागा चालत नाही. कारखान्याच्या डिझाइन विभागाने गणित करून मंजुरी दिली. आम्ही बॅफल नवे केले, एक आधार वाढवला, तोंडाशी प्रवाह अडवणारी पट्टी लावली. तो बंडल नंतर दुरुस्तीला आलेला नाही.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक बंडलचा आधी पंचनामा होतो. काही गिऱ्हाइकांना हा वेळ वाया वाटतो, आणि शटडाऊनमध्ये एकेक तास मोलाचा असतो हे मला मान्य आहे, तरी मी तो सोडत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, इंधनातलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आणावं लागलं, त्यासाठी रिफायनऱ्यांत हायड्रोजनची मोठी युनिटं उभी राहिली. त्यातले जाड भिंतीचे, भल्यामोठ्या दाबाचे एक्स्चेंजर करण्याइतकी आमची कुवत नाही. ते मोठ्या कंपन्यांचं काम. कमी दाबाचे कूलर आमच्याकडे येतात, तेवढ्यावर बत्तीस जणांचे पगार वेळेवर होतात. एडी करंट तपासणी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने नळी न कापता तिची भिंत तपासणं, पुण्याहून मागवावी लागते, ते यंत्र आपलं असावं ही इच्छा आहे.

आत्ता अंगणात एका कूलरच्या 416 नळ्या मांडल्या आहेत. वरच्या दोन ओळी कशाने खराब झाल्या ते कळलं, तिथे थर होता. सातव्या ओळीतल्या तीनच नळ्या मधोमध पातळ झाल्यात, शेजारच्या धडधाकट आहेत. त्या उभ्या चिरून आज पुन्हा पाहणार आहोत.