शिकवण्याच्या वेळेचे पैसे कोण देणार?

नाशिकहून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो: तू तिकडे इंग्लंडमध्ये घरं बांधणाऱ्या कंपनीत नेमकं काय करतेस? आज सविस्तर लिहिते, कारण या कामातली एक गोष्ट मला आपल्या नाशकातल्या बांधकामवाल्यांपर्यंत पोहोचवायची आहे.

माझी कंपनी घरं बांधत नाही, फक्त वीटकाम करते. इथल्या मोठ्या गृहप्रकल्पात जमीन, परवानग्या, नकाशे आणि विक्री बिल्डरची. पाया एका ठेकेदाराचा, परांची दुसऱ्याची, छप्पर तिसऱ्याचं आणि विटा-ब्लॉकच्या भिंती आमच्यासारख्या खास वीटकामाच्या ठेकेदाराच्या. दीड-दोनशे घरांची वसाहत असेल तर आमच्या टोळ्या दोन-तीन वर्षं त्याच साइटवर असतात. कुठल्या प्लॉटवर कोणती टोळी, विटा कधी उतरवायच्या, परांचीचा पुढचा टप्पा कधी चढणार, झालेल्या कामाचं माप आणि बिल, हे सगळं माझ्याकडे. पाथर्डी फाट्याजवळच्या साइटवर डिप्लोमा इंजिनिअर म्हणून मी जे करत होते, त्याच जातीचं काम आहे. फरक भिंतीत आहे आणि भिंत बांधणाऱ्या माणसात आहे.

मी राहते ते बेडफर्ड म्हणजे विटांचंच गाव. इथल्या जमिनीतल्या चिकणमातीत सेंद्रिय अंश भरपूर आहे, त्यामुळे भट्टीत वीट बरीचशी स्वतःच्याच इंधनावर भाजली जाते. याच मातीवर जवळच्या स्टुअर्टबीला एकेकाळी जगातला सर्वांत मोठा वीट कारखाना उभा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे माणसं कमी पडली म्हणून दक्षिण इटलीतून कामगार आणले गेले, मागोमाग पंजाबातलेही आले. गावात आजही इटालियन आडनावं पावलोपावली भेटतात. कारखाना २००८ मध्ये बंद झाला, शेवटची चार धुराडी २०२१ मध्ये पाडली. शेजारच्याच जुन्या वीटखाणीच्या जागेवर आता युनिव्हर्सलचं थीम पार्क येणार आहे. विटा बनवणारे हात गेले, पण विटा लावणारे हात इंग्लंडला अजून हवेच आहेत आणि ते पुरत नाहीत.

आता भिंतीकडे येते. इथली वीट २१५ बाय १०२.५ बाय ६५ मिलिमीटरची. त्यात १० मिलिमीटरचा सांधा धरला की चार थर मिळून बरोबर ३०० मिलिमीटर भरतात आणि एका चौरस मीटरला ६० विटा बसतात. गवंड्याकडे या खुणा केलेली एक पट्टी असते, तिच्यापुढे कोणाचंही काही चालत नाही. घराची बाहेरची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेर अर्ध्या विटेची, आत ब्लॉकची, मध्ये पोकळी आणि त्या पोकळीत थंडी अडवणारा थर. पावसाचं पाणी बाहेरच्या विटेतून झिरपलं तर पोकळीत खाली उतरतं आणि मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडतं. दोन्ही भिंती स्टेनलेस स्टीलच्या टायने एकमेकींना धरलेल्या असतात. आडवं अंतर ९०० मिलिमीटर, उभं ४५०. त्या टायवर थापीतून मालाचा, म्हणजे विटा सांधणाऱ्या मिश्रणाचा, गोळा पडला आणि तसाच राहिला, तर त्याच्यावरून पाणी आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतं. दोन हिवाळे गेले की बेडरूममध्ये ओलीचा डाग उमटतो. म्हणून टाय पुसून घेणं हे इथे पोराला पहिल्याच महिन्यात शिकवतात.

आणि गिलावा नाही. हा माझ्या मते सगळ्यात मोठा फरक. वीट उघडी राहते. उभे सांधे एका रेषेत नसतील, थर एका बाजूला उतरला असेल, तर घर उभं आहे तोवर ते रस्त्यावरून दिसत राहतं. साइट सुरू होताना आधी एक नमुना भिंत बांधतात. रंग, सांधा, माल सगळं त्यावर पास होतं आणि पुढची प्रत्येक भिंत तिच्याशी ताडून बघतात. विटा घेतानाही एकाच गठ्ठ्यातून घेत नाहीत. निदान तीन गठ्ठे फोडून, मिसळून लावतात, नाहीतर भट्टीतल्या रंगफरकाचे पट्टे भिंतीवर उमटतात. आपल्याकडे विटा लावण्याआधी पाण्यात भिजवतात, कारण आपली वीट मालातलं पाणी शोषून घेते. इथे उलट त्या प्लास्टिकखाली कोरड्या ठेवतात, ओल्या विटा मालावर घसरतात आणि पुढे पांढरे क्षार फुटतात. पारा ३ अंशांवर येऊन आणखी उतरू लागला की थापी खाली. ताज्या भिंतीवर गोणपाट घालायचं आणि घरी जायचं.

घरी जायचं म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत त्या दिवसाचे पैसे बुडाले. इथले बरेचसे गवंडी नोकरदार नाहीत, आपले आपण काम घेतात. दोन गवंडी आणि एक मदतनीस अशी टोळी, दर हजार विटांमागे ठरलेला. चांगला हात दिवसाला ५०० च्या आसपास विटा लावतो, घरानुसार कमी-जास्त. अशा टोळीच्या शेजारी सोळा-सतरा वर्षांचं पोर उभं केलं तर काय होईल? ते विचारणार, चुकणार, गवंडी थांबणार, विटा कमी लागणार, आठवड्याअखेर हातात पैसे कमी. म्हणून टोळ्या शिकाऊ घ्यायला नाही म्हणतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये गवंड्यांचा तुटवडा आहे त्याचं एक मोठं कारण हेच.

यावर जो उपाय मी रोज पाहते तो साधा आहे. शिकवण्याच्या वेळेचे पैसे कोणीतरी वेगळे मोजायचे.

आमच्या कंपनीत काही अनुभवी गवंडी रोजाच्या पगारावर आहेत, विटांच्या मोजणीवर नाहीत. शिकाऊ मुलं त्यांच्याच हाताखाली जातात. प्रशिक्षण साधारण दोन-अडीच वर्षांचं. बहुतेक दिवस साइटवर, बाकीचे कॉलेजात, शेवटी त्रयस्थ परीक्षक समोर भिंत बांधून घेतो. मुलाला पहिल्या दिवसापासून पगार. एप्रिल २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवाराचं किमान वेतन ताशी ७.५५ पौंड झालं. पास झाल्यावर कौशल्याचं कार्ड मिळतं आणि ते देशातल्या कुठल्याही साइटच्या गेटवर चालतं.

एका सकाळचं सांगते. सतरा वर्षांची एक मुलगी घराचा कोपरा उचलत होती. कोपरा हा वीटकामातला सगळ्यात अवघड भाग, कारण दोन्ही बाजूंची दोरी त्याच्यावरूनच ताणली जाते. कोपरा चुकला की अख्खी भिंत चुकते. तिने पायऱ्या-पायऱ्यांनी पाच थर चढवले, लेव्हल लावली, ओळंब्यात पाहिलं, सगळं बरोबर. शेजारचा गवंडी पन्नाशीचा, मितभाषी. त्याने काही न बोलता खुणांची पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती उभी धरली आणि तिलाच दिसलं की तिसऱ्या थरापासून कोपरा तीन मिलिमीटर खाली आहे. लेव्हलला ते कळत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच खाली होत्या. माल अजून ओला होता. तिने वरचे तीन थर काढले, विटा खरवडून स्वच्छ केल्या आणि सांधे मोजत पुन्हा लावले. यात त्या गवंड्याचा दीडेक तास गेला. एरवी तेवढ्यात त्याने शंभरेक विटा लावल्या असत्या. त्या शंभर विटांचे पैसे कंपनीने सोसले. तीन मिलिमीटर कसे शोधायचे हे मात्र ती मुलगी आता आयुष्यभर विसरणार नाही.

कंपनी हे धर्मादाय म्हणून करत नाही. बांधकाम क्षेत्रासाठी इथे १९६४ च्या कायद्याखाली स्थापन झालेलं एक प्रशिक्षण मंडळ आहे. लहान कंपन्या सोडल्या तर प्रत्येक बांधकाम कंपनी पगाराच्या ०.३५ टक्के आणि कर कापून पैसे दिलेल्या उपठेकेदारांच्या रकमेवर १.२५ टक्के या मंडळाला देते. जो शिकाऊ ठेवतो त्याला त्यातून अनुदान परत मिळतं. शिवाय २०१७ पासून ज्यांचं वार्षिक पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांना वरच्या रकमेवर अर्धा टक्का प्रशिक्षणासाठी भरावा लागतो. जो शिकवत नाही तोही पैसे देतो, जो शिकवतो त्याला मदत होते. व्यवस्था परिपूर्ण नाही. मधेच सोडून जाणारी मुलं खूप आहेत आणि कागदपत्रं तर डोकं उठवणारी. पण तत्त्व मला पूर्ण पटलं आहे.

आता नाशिक. माझ्या जुन्या साइटवर एक मिस्त्री होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ओळंबा न लावता भिंत नजरेने सांगायचे. त्यांच्या हाताखाली एक चुणचुणीत बिगारी होता, माल कालवून कालवून कंटाळलेला. मी म्हटलं, "मामा, याला थापी द्या ना कधीतरी." ते म्हणाले, "द्यायला काय हरकत आहे मॅडम, पण मग माझा ब्रास कोण भरून देणार?"

मामांना पैसे ब्रासवर, म्हणजे बांधलेल्या भिंतीच्या मापावर मिळायचे. याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. बेडफर्डला आल्यावर कळलं की मामांचा आणि इथल्या गवंड्याचा प्रश्न तंतोतंत एकच आहे. इथे त्याला निदान अर्धं उत्तर आहे, आपल्याकडे तो प्रश्न कोणी विचारतही नाही.

खरं म्हणजे नाशकात हे उत्तर दुसऱ्या धंद्यात रोज दिलं जातं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून लागतात आणि फिटर, टर्नर होऊन बाहेर पडतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा तिथे चालतो, कारण कारखान्याच्या हजेरीपटावर माणसं असतात. ३० किंवा जास्त माणसं असली की एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवणं बंधनकारक आहे. बिल्डरच्या हजेरीपटावर मात्र इंजिनिअर, हिशेबनीस आणि वॉचमन. गवंडी मुकादमाचे, मुकादम लेबर ठेकेदाराचा. माणसं शेकड्यांनी राबतात, पण कायद्याला दिसतील अशी नसतात. आयटीआयच्या यादीत मेसनचा, म्हणजे गवंडीकामाचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण पुढे कोणाकडे नोकरी दिसली तर पोरगं तिकडे वळणार ना.

पैसा नाही असंही नाही. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरला जातो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की कामगाराची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंद होते. मुलांना शिष्यवृत्ती, सुरक्षा संच, घरात भांडी येतात. ते मिळायलाच हवं, त्यातला एक रुपयाही कमी करा असं मी म्हणणार नाही. पण त्याच निधीतून मामांसारख्या मिस्त्रीला महिन्यातले काही दिवस ब्रासऐवजी रोजावर ठेवता आलं, तर त्या दिवसांत तो दोन पोरांच्या हातात थापी देईल. पोरांच्याच का? डोक्यावर विटांचं घमेलं घेऊन वीस-वीस वर्षं परांची चढणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. माल किती घट्ट हवा, कुठली वीट कच्ची, हे त्यांना एका नजरेत कळतं. तरी त्यांना भिंत बांधायला दोरीला कोणी उभं करत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

कोणी म्हणेल, आता सगळीकडे एएसी, म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक आणि अॅल्युमिनियम शटरिंगच्या भिंती, वीटकाम उरलंय कुठे? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा अजून खपतात आणि ब्लॉकलाही दोरी, ओळंबा, सांधा लागतोच. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी न लावता गिलावा मारला की पहिल्याच पावसाळ्यात चीर पडते. ती चीर भरायला दरवर्षी जो खर्च होतो, तो फ्लॅटधारकांना विचारा.

शिकवायला फार भांडवलही लागत नाही. इथल्या कॉलेजांत सरावाचा माल चुना-वाळूचा असतो, सिमेंट घालतच नाहीत. संध्याकाळी भिंत उतरवायची, विटा झटकायच्या, दुसऱ्या दिवशी त्याच विटा. आपल्या साइटवर तर सरावाला हक्काची जागा आहे: कंपाउंड वॉल. उंची बेताची, परांचीची गरज नाही, कोपरे भरपूर. ती गिलावा न करता उघड्या विटेची ठेवायची म्हणजे शिकणाऱ्याला लपवायला जागा उरत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात एवढी कामं निघाली आहेत, त्यातल्या काही भिंती अशा बांधता येतील.

इकडे येऊ पाहणाऱ्या गवंड्यांसाठी एवढंच: व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः किंवा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. नोकरी लावून देतो म्हणून लाखो मागणाऱ्या एजंटला दमडी देऊ नका.

डिसेंबरात मी नाशकात आहे. गंगापूर रोड, म्हसरूळ, आडगाव, कुठेही चार-पाच इमारतींची साइट चालवणारं कोणी हे वाचत असेल आणि एका कंपाउंड वॉलपुरता एक मिस्त्री रोजावर ठेवायची तयारी असेल, तर मला कळवा. महिनाभराचा सराव कसा आखायचा, रोज काय मोजायचं आणि मिस्त्रीचा बुडालेला ब्रास किती धरायचा, याचा कच्चा हिशेब मी करून ठेवला आहे. साइटवर येऊन तुमच्या दरांनी तो पुन्हा मांडू.