तुम्ही विचारलंत म्हणून: 'लाइन'चा खरा अर्थ कुठला?

"मॅडम, लाइन म्हणजे नक्की काय ते एकदा एका शब्दात सांगा की!" हा प्रश्न मला क्लासमधे, वाटेत, भाजी घेताना, कुठंही विचारतात, आणि विचारणारी बहुतेक आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरंपोरी असतात, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत थोडी कन्नड थोडी हिंदी आणि आता नोकरीसाठी इंग्रजी. डिक्शनरीच्या अ‍ॅपमधे लाइन टाकलं की खाली खाली सरकवतच बसावं लागतं, रेघ, ओळ, रांग, तार, दोरी, मार्ग, धंदा, सुरकुती, वंश, संपायचं नावच नाही. मग ही पोरं घाबरतात, त्यांना वाटतं बाकी सगळ्यांना हे येतं आणि आपल्यालाच येत नाही. ते मला बघवत नाही म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी मीच एक विचारते. 'लागणे' म्हणजे काय ते एका शब्दात सांगा बघू. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, नंबर लागतो, डोळा लागतो, बोअरला पाणी लागतं, टीव्हीवर पिक्चर लागतो, पोराची काळजी लागते, आणि सोलापूरहून पुण्याला जाताना मधे टेंभुर्णी लागतं. ह्यातला खरा अर्थ कुठला? हे कधी कुणी विचारत नाही, कारण 'लागणे' आपण सुटा पाठ केलेलाच नाही, तो दरवेळी कुणाच्या तरी सोबतीनं कानावर पडला आणि त्या सोबत्यानंच अर्थ सांगून टाकला. इंग्रजीतल्या रोजच्या शब्दांचं अगदी तसंच आहे. उलट शब्द जितका रोजच्या वापरातला तितके त्याचे अर्थ जास्त, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची १९८९ची आवृत्ती घ्या, तिच्यात सगळ्यात लांब नोंद कुठल्या अवघड शास्त्रीय शब्दाची नव्हती, 'सेट' ह्या इवल्याशा शब्दाची होती.

तरीपण लाइनचं मूळ सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते आणि सोलापूरच्या माणसाला तर ते पटकन कळेल. लॅटिनमधे लीनुम म्हणजे जवस. हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण कडक भाकरीबरोबर खातो. जवसाच्या खोडात धागा असतो, खोडं पाण्यात भिजवून कुजवायची, वाळवायची, झोडपायची आणि मग विंचरून तो धागा काढायचा, त्याचं जे कापड होतं ते लिनन. आपल्याकडं जवस पेरतात ते बी आणि तेलासाठी, ते झाड बुटकं, फांद्याळ, त्यामुळं त्यात धागा असेल हे डोक्यातच येत नाही, धाग्यासाठीच्या जाती वेगळ्या, उंच आणि सरळ वाढणाऱ्या. तर लीनुमपासून लीनिआ, म्हणजे जवसाच्या सुताची दोरी, आणि तिच्यापासून काही जुन्या इंग्रजीतून काही फ्रेंचमधून आलेली ही आपली लाइन. धागा विंचरल्यावर जे लांब सरळ तंतू हातात राहतात त्यांना त्या धंद्यात आजही लाइनच म्हणतात, आणि जो आखूड गुंता मागं पडतो तो टो. लिनसीड, लिनोलियम हेही त्याच लीनुमचे. ज्या गावात घराघरात माग होते, जिथं १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, त्या गावातल्या पोरांना ह्या शब्दाचं मूळ धाग्यात निघतं हे सांगताना मला फार बरं वाटतं, आणि त्यांचेही चेहरे बदलतात.

लाइनिंगपण तिथलंच बरं का. तिकडं कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून लाइनिंग म्हणजे अस्तर. आपण मात्र पट्ट्यापट्ट्याच्या शर्टाला लाइनिंगचा शर्ट म्हणतो, ते आपल्यात चालतं, सगळ्यांना कळतं, पण इंग्रजीत त्याला स्ट्राइप्स म्हणतात. सोलापुरात युनिफॉर्मचा धंदा केवढा वाढलाय, तिथं काम करणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा, बाहेरच्या गिऱ्हाईकानं 'विथ लाइनिंग' लिहिलं असेल तर त्याला आत अस्तर पाहिजे, वर पट्टे नव्हे, एक अख्खी ऑर्डर त्यानं अडकू शकते.

आता दोरीची रेघ कशी झाली आणि रेघेची रांग कशी झाली, ते पुस्तकात बघू नका, कुठंही बांधकाम चालू असेल तिथं पाच मिनिटं उभं राहा. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना आधी एकेक वीट बसवतो, मग खिळ्यांना दोरी गुंडाळून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतो, बोटानं टिचकी मारून बघतो ताठ झाली का, आणि मग मधल्या विटा त्या दोरीच्या अंगानं लावत जातो, पण एकही वीट दोरीला टेकू देत नाही, केसाएवढी फट ठेवतो, कारण एक वीट जरी टेकली तरी दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढची सगळी भिंत वाकडी जाते. त्या दोरीला तो काय म्हणतो? लाइनदोरी! थर झाला की दोरी सोडून वर घेतात, विटांमधे दोरी कुठं राहत नाही, पण तिचा सरळपणा राहतो आणि विटांची ओळ राहते. लाइन ह्या शब्दाचा सगळा प्रवास एवढाच आहे, आधी दोरी, मग दोरीचा सरळपणा, मग त्या सरळपणात लागलेल्या वस्तू. आणि आपणपण हेच केलंय की, सूत म्हणजे धागा, पण एखादा माणूस सुतासारखा सरळ होतो, आणि गणितातलं सूत्र, बातमीतली सूत्रं, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, सगळं सुतावरूनच. आपल्या पोरांना हे इंग्रजीतच विचित्र का वाटावं?

एवढं धरून चाललं की बाकीचे अर्थ आपोआप जागेवर बसतात. जिथं अजून दोरी किंवा दोरीसारखं लांब काहीतरी आहे तिथं गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, टेलिफोनची तार. पाण्याची पाइपलाइन त्यातलीच, उजनीच्या पाइपलाइनबद्दल तर सोलापूरकरांना मी काय सांगणार, ती फुटली की गावाला कळतंच. आयसीयूत सिस्टर म्हणतात लाइन लावली, लाइन आउट झाली, ती शिरेतली बारीक नळी, आणि त्याच आयसीयूबाहेर डॉक्टर 'लाइन ऑफ ट्रीटमेंट ठरवू' म्हणतात तिथं नळी नाही, तिथं वाट आहे, कुठल्या दिशेनं उपचार करायचे ती. ऐन काळजीत नातेवाईक हे दोन्ही एकाच तासात ऐकतात आणि गोंधळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. क्रिकेटमधली बॉलरची लाइन म्हणजे चेंडूची दिशा. चेहऱ्यावरच्या लाइन्स म्हणजे सुरकुत्या, कवितेची लाइन म्हणजे ओळ, नाटकातल्याच्या लाइन्स म्हणजे त्याची वाक्यं, ते सोपंय.

रांगेचा अर्थ आपल्या अंगवळणी पडलेला आहे. "लाइनीत उभारलोय" हे सोलापुरात इंग्रजी न येणारी आजीपण म्हणते. पंढरपुरात त्यालाच बारी म्हणतात, ब्रिटनमधे क्यू म्हणतात, अमेरिकेत लाइन, म्हणजे आपली आजी ह्याबाबतीत अमेरिकेच्या बाजूची. पोलीस लाइनमधली लाइनपण रांगच, क्वार्टर्सची.

रेल्वेचा रूळ आणि रेल्वेचा मार्ग दोन्ही लाइन. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली, तेव्हापासून हे गाव रेल्वेचंच आहे, त्यामुळं 'लाइन क्लिअर' हा शब्द इथं घराघरात. मुळात तो स्टेशन मास्तरांचा, पुढच्या स्टेशनापर्यंतचा टप्पा मोकळा आहे, गाडी सोडा, एवढाच त्याचा अर्थ. आपण तो लग्नाच्या होकारापासून बँकेच्या लोनपर्यंत सगळीकडं नेला आणि छान नेला. मग मार्गावरून धंदा, "पोरगा कुठल्या लाइनला आहे?" हे आपलं वाक्य ऐकून पोरांना वाटतं हे गावठी आहे, इंग्रजीत असं नसणार. असतं! 'व्हॉट लाइन ऑफ वर्क आर यू इन' हे चांगलं, नेहमीचं इंग्रजी आहे, बिनधास्त बोला.

डेडलाइनचं मात्र ऐकून ठेवा, मला ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात कैद्यांच्या छावण्यांत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली असायची, १८६४ मधे अँडरसनव्हिल छावणीत ती होती, ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. ती डेडलाइन. आज आपण असाइनमेंटच्या तारखेला तो शब्द वापरतो.

आता जे इंटरव्ह्यू द्यायला पुण्याला जायलेत त्यांच्यासाठी कामाचं. लाइनपेक्षा लाइनच्या आधी काय येतं ते बघा, घोळ तिथं होतो. 'इन लाइन' म्हणजे रांगेत किंवा नियमाला धरून. 'आउट ऑफ लाइन' म्हणजे मर्यादा सोडून, हे कुणी तुमच्या वागण्याबद्दल म्हणालं तर तो दम आहे, रांगेशी संबंध नाही. 'अलाँग दोज लाइन्स' म्हणजे साधारण त्याच धर्तीवर. 'द मॅनेजर इज ऑन द लाइन' म्हणजे मॅनेजर फोनवर आहेत, आणि 'द मॅनेजर्स जॉब इज ऑन द लाइन' म्हणजे मॅनेजरची नोकरी धोक्यात आहे, 'ऑन द लाइन' तेच्या तेच, फक्त नोकरी सोबत आली. लाइन मॅनेजर म्हणजे ज्याला तुम्ही रोजच्या कामाचा रिपोर्ट देता तो, प्रॉडक्शन लाइनवरच उभा असला पाहिजे असं काही नाही, बँकेतपण असतो.

म्हणून वहीत 'लाइन' लिहून पुढं बारा अर्थ लिहायची सवय मोडा, ते आठवड्यात विसरतं. जे वाक्य ऐकलं ते अख्खं लिहा, कुणी कुणाला म्हटलं तेपण लिहा, आणि अडलं तर मला विचारा, रात्री विचारलं तरी चालतं, फक्त अख्खं वाक्य पाठवा, सुटा शब्द नको.