तुम्ही विचारलंत म्हणून: टाकी किती वेळ हालते?

यवतमाळकडच्या आमच्या गावी गेलो की कुणीतरी पाण्याच्या उंच टाकीकडे बोट दाखवून विचारतंच, "काऊन भाऊ, भूकंपात हे टाकी हालली त किती वेळ हालत राहीन?" 1993 चा किल्लारीचा भूकंप आठवणारी माणसं आहेत, आणि टाक्यांच्या डिझाइनवर माझं पोट आहे. पण याची उत्तरं दोन आहेत.

आई विहिरीवरून पितळेचा गुंड भरून आणायची. ओट्यावर टेकवताना दगड लागला की ठण्ण व्हायचं आणि आवाज लगेच विरायचा. आतलं पाणी मात्र कितीतरी वेळ या काठाकडून त्या काठाकडे जात राहायचं. धक्का एकच, पण दोन्ही हालचालींची दम टाकायची वेळ वेगळी.

टाकीतही खालचं पाणी भिंतीला धरून, खांबांसकट हलतं. वरचं आपल्या संथ लयीत हिंदकळतं. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या भाग 2 मध्ये (2014) काँक्रीटच्या टाकीत पहिल्या मोडला, म्हणजे खांबांसकट हलण्याच्या तऱ्हेला, 5 टक्के डॅम्पिंग (हालचाल विरवणारा अडथळा) धरायला सांगितलंय, हिंदकळण्याला फक्त 0.5. (100 टक्के म्हणजे एकदाही न डोलता जागेवर येणं.) काँक्रीटमधल्या बारीक भेगा घासतात, पायाखालची माती जोर खाते. पाण्याला अडवायला त्याचा स्वतःचा चिकटपणा आणि भिंतीचं घर्षण, बस.

5 टक्क्यांत हेलकावा दोन-सव्वादोन फेऱ्यांत निम्मा होतो. 0.5 मध्ये 22 फेऱ्या लागतात. दहा मीटर व्यासाच्या, निम्म्या व्यासाइतकं पाणी असलेल्या टाकीत एक फेरी साधारण 3.4 सेकंदांची, म्हणजे लाट निम्मी व्हायलाच सव्वा मिनिट. म्हणून कुणी सगळ्या मोडना सरसकट 5 टक्के लावलेले दिसले की मला राग येतो. लाट कागदावर बुटकी होते, वरची मोकळी जागा कमी ठेवली जाते आणि पाणी स्लॅबला खालून धडका देतं.

उन्हात लांबून येताना आई गुंडात कडुनिंबाची डहाळी टाकायची. पाणी सांडायचं नाही. ठण्ण मात्र तसंच वाजायचं. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या टँकरच्या पोटात आडवे पत्रे असतात, तेही पाण्याची तेवढीच एक चाल मोडायला.